दोन गाड्या, एक लिंबू आणि माहूरचा घाट

ज्यांना कधी या वाटेने जायचं असेल त्यांच्यासाठी आधी सामान सांगते. हेल्मेट दोन, हातमोजे दोन जोड, रेनकोट दोन (लागले नाहीत), पंक्चर काढायचं सामान, कमरेचा पट्टा, धपाटे बावीस, शेंगदाण्याची चटणी एक डबा, दोनशे पानी वही एक, पेनं दोन. आणि मोटरसायकली दोन, त्यांतली एकच घरी परत आणायची होती.

मी लातुरात रक्त-लघवी तपासणीची लॅब चालवते. बावीस वर्षं मोटरसायकलवरून नमुने गोळा करत फिरले आहे, खाली किल्लारीपासून वर अहमदपूरपर्यंत. आमच्याकडचे रस्ते पट्टी ठेवून आखल्यासारखे आहेत. त्यामुळे बावीस वर्षं मी गाडी चालवली ती फक्त सरळ. वळणावळणाचा घाट पाहिला तो एसटीच्या खिडकीतून, तोही मळमळतं म्हणून बहुतेक डोळे मिटून. गाडी आडवी करून, गुडघा टाकीला घट्ट लावून घाटातलं वळण घ्यावं, असं मला तिशीपासून वाटत होतं. दर वर्षी डायरीत लिहायचे आणि दर वर्षी पुढच्या डायरीत उतरवायचे.

यंदा दिवाळीत जुन्या गाडीची चासी तडकली. त्याच आठवड्यात मणक्याच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "अजून आठ-दहा वर्षं चालवा. मग मात्र स्कूटरही नाही." म्हणजे आता घेईन ती माझी शेवटची गाडी. ती चुकली तर आठ-दहा वर्षं चुकीच्या गाडीवर बसायचं. मिस्टरांना सांगितलं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "एकच आण."

आमच्या इस्माईलभाईंकडे सेकंड हॅण्ड गाड्यांचा व्यापार आहे. त्यांच्या आईची साखर मी किती वर्षं तपासते आहे, त्यामुळे विश्वास आहे. त्यांच्याकडे नेमक्या दोन गाड्या आल्या होत्या. या जातीच्या गाडीला पुढून प्लास्टिकचं आवरण नसतं, इंजिन उघडं दिसतं, आणि हँडल जरा पुढं वाकून धरावं लागतं. एक लाल, दोन सिलिंडरची, जड आणि गुळगुळीत. दुसरी करडी, एका सिलिंडरची, हलकी, उंच आणि तापट.

"ताई, दोन्ही न्या," इस्माईलभाई म्हणाले. "चार दिवस चालवा. पसंत पडंल ती तुमची. दुसरी रविवारी अकराला नांदेडच्या डोळ्याच्या डॉक्टरसाबला पोचवा. त्यांना बी ह्या दोनच्यातलीच पायजे. पहिली पसंती तुमची. बस, एक काम करू नका."

"काय?"

"पूजा. जिला हळदीकुंकू लागलं ती घरची झाली. ती परत आणली तर मी दुसऱ्याला इकत न्हाई. लई बघितलंय. लोक धुऊन आनतात, पन हेडलाइटच्या फटीत अक्षता निघतातच. मग गिऱ्हाईक म्हनतं, ही दुसऱ्याची लक्ष्मी हाय, मला नगं."

मी वहीत लिहिलं: पूजा करायची नाही. खाली दोन रेघा मारल्या.

गुरुवार. लातूर, अहमदपूर, नांदेड

दुसऱ्या गाडीवर माझा धाकटा भाऊ दिलीप. तो अहमदपूरला शाळेत भूगोल शिकवतो आणि गाडी उत्तम चालवतो. त्याचा एकच दोष आहे, त्याला मत नसतं. सकाळी एसटीने लातूरला आला, दोन्ही गाड्यांना एकेक फेरा घातला आणि म्हणाला, "दोन्ही चांगल्या हायत, ताई."

"दिलीप, मला तेवीस मुद्द्यांवर गुण हवे आहेत."

"मग दोघींना समान दे."

तेवीस मुद्दे असे होते: पाय जमिनीला टेकतात का, हँडलला किती थरथर, मांडीला किती चटका, ब्रेकवर मागचं चाक सरकतं का, हॉर्न, आरसे, नमुन्यांची पेटी बांधता येईल का, वगैरे. प्रत्येकाला पाच गुण. दर साठ किलोमीटरला गाड्या बदलायच्या, लगेच थांबून गुण लिहायचे.

अहमदपूरला मार्केट यार्डासमोर चहाला थांबलो. सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती आणि त्या रांगेतल्या कुणालाच काही काम नव्हतं. दोन मिनिटांत आमच्याभोवती पंधरा माणसं.

"किती देती?" हा पहिला प्रश्न. मी अ‍ॅव्हरेज सांगितला. सगळ्यांनी माझ्याकडे सांत्वनाला आल्यासारखं पाहिलं.

एका पागोटेवाल्या आजोबांनी उघड्या इंजिनाखाली वाकून बघितलं. "बाकीचं सामान कवा येनार हाय?"

"बाकीचं कुठलं?"

"वरचं. अंगावर कायच न्हाई की हिच्या. कंपनीनं अर्धीच पाठवलीय का?"

"अशीच असते ही, आजोबा."

"आसं म्हनून टिकवतेत ते," आजोबा म्हणाले. "पावती जपून ठिवा."

तोवर शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला मिस्त्री टेप घेऊन आला होता. त्याने कुणाला न विचारता लाल गाडीच्या मागच्या चाकाचं माप घेतलं. "बाईमाणूस हाय अन् साडीगार्ड न्हाई? वहिनी, अर्ध्या तासात करतो. मागं क्यारेज बी ठोकतो, दोन पोती बसत्याल."

"मी साडी नेसून गाडी चालवत नाही. पँट आहे माझी."

"आज हाय. उद्याचं कोन सांगावं?"

दिलीपला तो मुद्दा पटल्यासारखा दिसला. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तेवढ्यात मिस्त्रीने वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला होता.

लोह्याच्या अलीकडे पहिला धोका. आमच्याकडे या दिवसांत लोक सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळत घालतात. अर्धा रस्ता दाण्यांचा, अर्धा वाहनांचा. एका टेंपोने मला दाण्यांवर ढकललं. सोयाबीनवरची मोटरसायकल म्हणजे काय असतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी फरशीवर साबुदाणा टाकून पळून बघावं. मी करडीवर होते. मागचं चाक डावीकडे निघालं, पुढचं उजवीकडे, आणि मी दोन्हींच्या मधे सरळ बसून राहिले. गाडी हलकी होती म्हणून पायाने सावरता आली. दाण्यांशेजारी बसलेली बाई उठून उभी राहिली. मला वाटलं, लागलं का विचारेल.

"एका बाजूनं फिरवलंत," ती म्हणाली. "आता दुसऱ्या बाजूनं बी एक चक्कर मारा. पालटावंच लागतंय ते."

वहीत चोविसावा मुद्दा आला: सोयाबीन. करडी चार, लाल दोन. लालचे दोन गुण अंदाजाने दिले, कारण दिलीपने दाण्यांवरून चक्कर मारायला नकार दिला. बाईला मात्र त्याचं वाईट वाटलं.

नांदेडला लॉजवर पोचलो तेव्हा बेरीज लालच्या बाजूने होती. लाल गाडीवर कंबर दुखली नव्हती. करडीने हाताला मुंग्या आणल्या होत्या, इतक्या की चहाची बशी वाजत होती. मला जरा वाईट वाटलं, का ते कळलं नाही. थरथर हा मुद्दा फार कडक तपासला असेल म्हणून मी पुन्हा गुण दिले. तरी लालच पुढे.

शुक्रवार. नांदेड ते किनवट

सकाळी सुशीला खाऊन निघालो. पुणे-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, हे बाईचं नाव नाही. चुरमुरे भिजवून कांदा-मिरचीची फोडणी देतात, ती सुशीला. आमच्या घरी त्यात शेंगदाण्याचं कूट असतं. इथे नव्हतं. मी हॉटेलवाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "घरीच जाऊन खा की मग."

भोकर सोडल्यावर जमीन हळूहळू उठायला लागते. कापसाची शेतं मागे पडतात, सागाची झाडं रस्त्यापर्यंत येतात. आमच्या लातूरकडे सावली शोधायला गाडी थांबवावी लागते. इथे सावली अंगावरून धावत जात होती. पहिलं छोटं वळण आलं तेव्हा मी लालवर होते आणि ते इतकं चटकन संपलं, की गुण द्यायचे राहिले.

या टप्प्यात दोन नवे मुद्दे मिळाले. पंचविसावा, कुत्री. करडी दिसली की प्रत्येक गावातली कुत्री धावत यायची. लालकडे मानही वर करायची नाहीत. आम्ही हिमायतनगरच्या पुढे गाड्या बदलून खात्री केली. कुत्र्यांचा राग माझ्यावर किंवा दिलीपवर नव्हता, गाडीवरच होता. सव्विसावा, म्हशी. लालचा हॉर्न ऐकून म्हैस हलत नाही. करडीचा ऐकून हलते, पण आपल्या बाजूला.

किनवटच्या अलीकडे, आत जंगलात, आमच्या सुमन आत्याचं गाव. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते, आणि तिच्या दारात आलेल्या कुणालाही ती आधी जेवायला घालते, नाव नंतर विचारते. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा. आमच्याकडे भाजीत हरभऱ्याची डाळ घालतात, इथे तुरीची. मी ते लिहून घेत होते.

"काय लिहून राहिली गं?" आत्याने विचारलं.

"भाजी, आत्या."

"खाय ना मग. लिहून काय पोट भरते का?"

जेवताना मी तिला सगळं समजावलं. दोन गाड्या, त्यांतली एक घ्यायची, उद्या माहूरच्या घाटात चालवून ठरवायचं. पूजेबद्दल बोलायचं माझ्या यादीत होतं. पण तो मुद्दा पुढच्या पानावर गेला होता, आणि पान उलटायच्या आत आत्याने ताटात तिसरी भाकरी टाकली.

शनिवार. आत्याचं अंगण आणि घाट

मी न्हाणीत होते. डोक्यावर दुसरा तांब्या ओतला आणि बाहेरून नारळ फुटल्याचा आवाज आला.

नारळ फुटल्याचा आवाज चुकत नाही. मी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आले. लाल गाडीच्या टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. हेडलाइटला हळद, आरशांना झेंडूची माळ, उदबत्ती इंडिकेटरच्या खाचेत खोचलेली. गाडीवर दिलीप बसला होता. समोर आत्या निरांजन घेऊन, आणि तिच्या मागे आळीतल्या सात-आठ बायका.

"आत्या! काय केलंस?"

"नवी गाडी दारात अन् कपाळाला कुंकू न्हाई? शोभते का?"

"नवी नाही ती, सेकंड हॅण्ड आहे!"

"मला तं नवीच हाय. मी कालच पाह्यली."

"आणि ही का? करडी का नाही?"

आत्याने करडीकडे पाहिलं. "उंदरावानी रंग तिचा. तिला काय ओवाळू?"

मी दिलीपकडे वळले. "तू का बसलास वर?"

"आत्या बस म्हणाली."

मी अंगणातल्या बाजेवर बसले. इस्माईलभाईंची अट अशी, की कुंकू लागलेली गाडी माझी. म्हणजे माझी शेवटची गाडी ठरली होती, घाट न बघताच. खरं तर वहीत लालच पुढे होती, मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट करडीवर अन्याय झाल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी कळलं, की मी परवापासून तिच्यासाठीच मुद्दे वाढवते आहे.

"पन लिंबू राह्यलं," बायकांमधून कुणीतरी म्हणालं.

मी मान वर केली. "कसलं लिंबू?"

झालं होतं ते असं. पूजेच्या शेवटी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ते चिरडतात. दिलीपने गाडी पुढे घेतली, पण चाकाने लिंबू चिरडलं नाही, ढकललं. ते घरंगळत नालीपर्यंत गेलं आणि तिथे शेजारच्यांच्या शेळीने खाल्लं.

"मग पूजा पूर्ण झाली का नाही?" मी विचारलं.

या प्रश्नावर अंगणात चाळीस मिनिटं चर्चा झाली. शेळीच्या घरचे गुणवंतमामा आले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. ते बाजेवर माझ्या शेजारी बसले.

"मी जिंदगीभर एसटी चालवली," ते म्हणाले. "दर दसऱ्याला डेपोत पूजा. नारळ फुटला अन् लिंबू सुटलं, तं आमी ती पूजा धरत नव्हतो. दुसरं लिंबू लावल्याबिगर गाडी गेटच्या भाईर जात नव्हती."

"एसटी सरकारची," आत्या म्हणाली. "सरकारच्या गाडीचा कायदा घरच्या गाडीला कायले?"

"लिंबू चिरडलं न्हाई, काकू."

"तुमच्या शेळीनं चिरडलं की. दातानं."

"शेळी चाक हाय का?"

आत्याने निरांजन पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, "तिच्या पोटात गेलं म्हंजे निवद झाला."

"मग दुसरं लिंबू लावून टाकू," दिलीप म्हणाला. त्याला तीन दिवसांत आलेलं हे पहिलं मत. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खाली उतरून गाडीच्या पलीकडे उभा राहिला.

शेवटी गुणवंतमामांनी गुडघ्यांवर हात ठेवून निकाल दिला. "लाल गाडीचा साखरपुडा झालाय. लगीन न्हाई झालं. मोडाचं असंल तं मोडता येते. पन लपवाचं न्हाई. दुसऱ्या घरी देताना सांगून द्या, की बाबा असं असं झालतं."

आत्याला निकाल मान्य नव्हता, पण मोडत असेल तर निदान आज मोडू नको, असं म्हणाली. ओलं कुंकू पुसायचं नाही, माळ काढायची नाही. मी कबूल केलं. आणि अशा अवस्थेत आम्ही घाटात गेलो. पुढे दिलीप झेंडूच्या माळेतल्या लाल गाडीवर, मागे मी उंदराच्या रंगाच्या करडीवर.

माहूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवीला जाणारी वाहनं असतातच. माळ घातलेली, कुंकू लावलेली गाडी पुढे हळू चाललेली बघून मागच्या जीपवाल्याला वाटलं असावं, की हा कसला तरी मान आहे. तो दिलीपला ओलांडून जाईना. त्याच्या मागचा ट्रॅक्सही जाईना. एका बाईने खिडकीतून दिलीपला नमस्कार केला. त्याने एका हाताने परत केला आणि जवळजवळ पडला. वर पोचेपर्यंत, त्यानेच नंतर सांगितलं, त्याच्या मागे अकरा वाहनांची रांग होती आणि एकानेही हॉर्न वाजवला नव्हता.

मी त्या रांगेला वैतागून मधेच मागे फिरले. एकटी खाली आले आणि रस्ता मोकळा झाल्यावर पुन्हा वर निघाले.

आता हे नीट सांगते, कारण चार दिवस गेले ते याचसाठी. पहिलं वळण डावं, चढावर. दुसरा गिअर. मी वेग कमी केला, लांब बघितलं, जिथे रस्ता सागांमागे गायब होतो तिथे, आणि डावा हात नुसता पुढे ढकलला. करडी पडली. पडली म्हणजे खाली नव्हे, वळणात पडली, कुशीवर वळल्यासारखी. डांबर गुडघ्याजवळ आलं. मग थ्रॉटल जरा उघडला आणि ती उभी राहिली, लगेच पुढच्या उजव्या वळणासाठी तयार. मला विचार करायला वेळच राहिला नाही. हाताला मुंग्या येत होत्या, मांडीला चटका बसत होता, आणि हेल्मेटच्या आत कुणीतरी मोठ्याने हसत होतं. तीन वळणांनी कळलं की मीच.

वर दिलीपकडून लाल घेतली, माळेसकट. तीच वळणं. लाल गाडीला वळण आधी सांगावं लागतं. ती ऐकते, सगळं व्यवस्थित करते, कुठेही घसरत नाही. पलीकडे पोचल्यावर तुम्ही जसे होता तसेच असता. आम्ही दोन्ही गाड्यांवर मिळून चार फेऱ्या केल्या. वळणं मी सत्तावीस मोजली, दिलीपने एकोणतीस. त्या दोन वळणांवरून आम्ही सावलीत बसून भांडलो आणि उरलेले धपाटे संपवले.

मग वही काढली. लाल सहा गुणांनी पुढे. मी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. ज्यासाठी गाडी घ्यायची ती गोष्ट, घाटातलं वळण, यादीत एका ओळीत होती. एकोणिसावा मुद्दा, आरशांच्या खाली. पाच गुण. कुत्र्यांनाही पाचच होते.

"दिलीप, करडी," मी म्हणाले.

"बेरीज बदलली का?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "तीबी चांगलीच हाय."

रविवार. नांदेड, आणि घर

डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना खाली, घर वर. बरोबर अकराला ते अंगणात उभे होते. हातात फाईल, फाईलला रंगीत चिकट्या लावलेल्या. मला माणूस बघताक्षणी आवडला. त्यांची उंची मात्र साधारण माझ्या खांद्याइतकी.

मी गुणवंतमामांचा निकाल पाळला. आत्या, नारळ, लिंबू, शेळी, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि फाईल मिटली.

"म्हणजे लाल तुमची झाली. उत्तम. मला करडीच हवी होती."

"नाही, डॉक्टर. पहिली पसंती माझी आहे. मला करडी हवी आहे."

"पण कुंकू लागलेली तुमची, हा नियम इस्माईलभाईंचाच ना? मला फोनवर त्यांनी हेच सांगितलंय." ते बोलता बोलता करडीवर चढले. चढले हेच बरोबर. दोन्ही पाय हवेत. दिलीपने मागून गाडी धरली.

"पाय पोचत नाहीत तुमचे," मी म्हणाले.

"एका वेळी एक पोचतो. मी त्याचा अभ्यास केलाय. डावीकडे फुटपाथ असेल तिथेच थांबायचं. दवाखान्यापासून क्लबपर्यंत अशा सहा जागा आहेत." त्यांनी फाईल उघडून नकाशा दाखवला. खरंच होता, फुटपाथ हिरव्या पेनने रंगवलेले.

या माणसाची तयारी माझ्यापेक्षा चांगली होती, आणि नियमही त्याच्या बाजूने. मी इस्माईलभाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दोन्ही बाजू सांगितल्या.

"ताई, मी पयलंच म्हनलो होतो, पूजा करू नका. आता कुंकू लागलं म्हनल्यावर..."

"पण लिंबू चिरडलं नाही."

इस्माईलभाईंनी लगेच विचारलं, "मग काय झालं लिंबाचं?"

"शेळीनं खाल्लं."

"अख्खं?"

"अख्खं."

"चाकाखाली गेलंच न्हाई?"

"नाही."

"मग पूजा कुठं झाली?" इस्माईलभाई म्हणाले. "माझ्या दुकानापुढं शेकडो झाल्या, मला शिकवता का? लिंबू फुटल्याबिगर न्हाई धरत. पहिली पसंती ताईंची."

"पण नारळ फुटलाय!" डॉक्टर करडीवरूनच ओरडले.

"नारळ तर आमच्या घरी चटनीला बी फुटतो, डॉक्टरसाब."

डॉक्टर गाडीवरच बसून राहिले, पाय लोंबकळत. जिंकले होते मी, तरी मला त्यांच्याकडे बघवेना. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती आणि त्यांनी तर फुटपाथसुद्धा रंगवले होते.

तेवढ्यात जिन्यावरून त्यांच्या पत्नी खाली आल्या. त्या बहुधा सगळं वरून ऐकत होत्या. हातात लिंबू होतं.

"अहो, उतरा. त्या लालवर बसा."

"अगं पण..."

"बसा म्हणते ना."

डॉक्टर उतरले, लालवर बसले. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. त्यांनी खाली पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. कुठल्याच फुटपाथची गरज नव्हती. बाईंनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नीट मधोमध, दोन बाजूंना दोन खडे लावून. "घ्या पुढं."

लिंबू फचकन फुटलं. बाई मला म्हणाल्या, "अर्धी तुमच्या आत्यांनी केली, उरलेली मी. मोठ्या बाईच्या हातची आहे, चांगलंच झालं. करडीवरून पडले असते तर ओपीडी कोणी बघितली असती?"

डॉक्टर तोवर गेटबाहेर गेले होते. परत आले ते वीस मिनिटांनी, आणि त्यांना फाईल कुठे ठेवली ते आठवत नव्हतं.

आता फक्त घरी जायचं होतं. आणि तेव्हा लक्षात आलं, की जाताना दोन गाड्या, दोन माणसं. येताना एक गाडी, दोन माणसं, दोन बॅगा. करडीची मागची सीट माझ्या वहीएवढी. दिलीप तिच्यावर बसला, दोन्ही बॅगा पोटाशी धरून. शहराबाहेर पडायच्या आत त्याने माझ्या खांद्यावर टकटक केली.

"ताई, मला एसटी चांगली वाटते," तो म्हणाला. अगदी ठामपणे म्हणाला. मी त्याला स्टँडवर सोडलं, बॅगा त्याच्याकडे दिल्या.

अहमदपूर मागे पडलं. शिरूर ताजबंदही गेलं. ऊन कलायला लागलं होतं, दोन्ही बाजूंना तूर, आणि मधे तोच पट्टीने आखलेला रस्ता. पुढे एका ओढ्यापाशी रस्ता जरासा डावीकडे जातो. बावीस वर्षं मी तिथून जाते आहे, पण त्याला वळण म्हणावं असं कधी वाटलं नव्हतं. लांब बघितलं, डावा हात पुढे ढकलला. करडी वळली.

पुढे जाऊन मी गाडी फिरवली आणि परत आले. मग पुन्हा. सहाव्या का सातव्या खेपेला तुरीतून एक शेतकरी बांधावर आला आणि त्याने हात करून मला थांबवलं.

"बाई, काय पडलंय का तुमचं?"

"नाही मामा."

"मग काय बघायलात मघापासून?"

"वळण आहे ना इथं."

त्याने रस्त्याकडे पाहिलं, इकडून तिकडे. "व्हय, हाय की. आमच्या आज्याच्या टायमापासून हाय."

"चांगलं आहे."

तो बांधावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग घ्या की अजून," तो म्हणाला. "कोन नगं म्हनलंय?"

मी गाडी फिरवली.